हा एकाच रेणूतला प्रवाह, असं म्हणण्याआधी

एका रेणूच्या दोन टोकांना सोन्याचे दोन अणू जोडायचे, त्यांच्यात १०० मिलिव्होल्ट लावायचे आणि किती प्रवाह वाहतो ते मोजायचं. प्रयोग सांगायला एवढाच आहे. अडचण अशी की तो रेणू कुणालाच दिसत नाही. सोन्याच्या दोन टोकांमधली फट जेमतेम एक नॅनोमीटरची, तीही द्रावणात बुडालेली. त्या फटीत नेमकं कोण येऊन बसलंय हे मोजमाप चालू असताना बघण्याची सोय नाही. हाती लागतो तो फक्त प्रवाहाचा आलेख. त्या आलेखाकडे बोट दाखवून "हा एका रेणूतला प्रवाह आहे" असं म्हणायचा हक्क कसा मिळवायचा, हे शिकण्यात माझ्या पीएचडीचा सुरुवातीचा मोठा काळ गेला. तो सगळा प्रवास इथे लिहिते आहे.

कल्पना जुनीच आहे. १९७४ साली एरी अविराम आणि मार्क रॅटनर यांनी एका रेणूचा डायोड कागदावर मांडला: एका टोकाला इलेक्ट्रॉन सहज देणारा भाग, दुसऱ्या टोकाला सहज घेणारा, आणि दोघांना वेगळं ठेवणारा मधला पूल. तेव्हा असा रेणू तारेला जोडून मोजण्याचं साधन नव्हतं. १९९७ मध्ये मार्क रीड, जेम्स टूर आणि सहकाऱ्यांनी सोन्याची बारीक तार ताणून तोडली आणि त्या फटीत बेंझीन-१,४-डायथायोल बसवून मोजमाप केलं. रोध आला सुमारे २२ मेगाओहम. २००४ मध्ये नोंगजियान ताओ यांच्या गटाने त्याच रेणूचा आकडा दिला, तो जवळपास १.२ मेगाओहम. रेणू तोच, धातू तोच, आणि फरक अठरा-एकोणीस पटींचा. गटात आल्यावर मी पहिल्यांदा हे दोन पेपर शेजारी ठेवून वाचले तेव्हा चक्रावून गेले होते. आमच्या मॅडम म्हणाल्या, "दोघांनीही नीटच मोजलंय. रेणू सोन्याला कसा धरून बसलाय, ते बदललंय. आधी ते समजून घे."

म्हणून आम्ही रेणू निवडला तोच टोकं पाहून. थायोलमधलं गंधक सोन्याला इतकं घट्ट धरतं की ताणताना सोन्याचे अणूच ओढून काढतं, आणि प्रत्येक वेळी जोडणीचा आकार निराळा होतो. अमाइन किंवा पिरिडीनचा नायट्रोजन तसा नाही. तो आपली इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी देऊन हलकेच चिकटतो, तेही टोकाला एकट्या पडलेल्या, शेजारी कमी असलेल्या सोन्याच्या अणूलाच. जोडणी कमकुवत असते, पण दर वेळी जवळपास सारखीच होते. मापनासाठी मला ताकदीपेक्षा हा सारखेपणा कितीतरी मोलाचा वाटतो. २००६ मध्ये लता वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमाइनची टोकं वापरून हे फार स्वच्छपणे दाखवलं होतं. मी सुरुवात केली ४,४'-बायपिरिडीनपासून. पिरिडीनची दोन कडी पाठीला पाठ लावून जोडलेली, दोन्ही टोकांना नायट्रोजन, आणि त्या दोन नायट्रोजनमधलं अंतर ०.७ नॅनोमीटरच्या आसपास.

पद्धत ताओ आणि बिंगचियान शू यांनी २००३ मध्ये दाखवली तीच. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप घ्यायचा, पण त्याने चित्र काढायचं नाही. सोन्याचं टोक खाली सोन्याच्या पृष्ठभागात रुतवायचं आणि मागे खेचायचं. मध्ये सोन्याची मान तयार होते, बोटांना लागलेला डिंक ताणावा तशी. ती बारीक होत होत शेवटी एका अणूवर येते आणि तुटते. तुटल्या क्षणी पडलेल्या फटीत द्रावणातला एखादा रेणू जाऊन दोन्हीकडे हात टेकवतो. ताणत राहिलं की तोही सुटतो. पुन्हा रुतवा, पुन्हा खेचा. हजारो वेळा.

टोक म्हणजे पाव मिलिमीटर जाडीची शुद्ध सोन्याची तार. ती घासून किंवा आम्लात झिजवून टोकदार करतात असं मला वाटायचं. प्रत्यक्षात स्पिरिटने पुसलेल्या कटरने ती तिरकी धरून, जरा ओढतच कापायची, बस. कापलेलं टोक सूक्ष्मदर्शकाखाली फाटल्यासारखं ओबडधोबड दिसतं. त्याने काही बिघडत नाही, कारण खरं टोक प्रत्येक खेपेला सोनं ताणून तुटताना नव्याने घडतं. खालचा पृष्ठभाग म्हणजे पोलादी चकतीवर निर्वातात चढवलेला सोन्याचा थर. वापरण्याआधी तो अतिनील दिव्याखाली ओझोनमध्ये ठेवायचा, म्हणजे हवेतून बसलेला सेंद्रिय मळ जळून जातो. इथे घाई करणाऱ्याला पुढे प्रत्येक आलेखात भुतं दिसतात.

द्रावक घेतला १,२,४-ट्रायक्लोरोबेंझीन. पाणी चालत नाही असं नाही, पण पाण्यात आयन असतात आणि त्यांचा प्रवाह रेणूच्या प्रवाहाला झाकून टाकतो. मग सोन्याच्या टोकावर मेणाचा लेप देऊन जेमतेम शेंडाच उघडा ठेवावा लागतो. ट्रायक्लोरोबेंझीन २१४ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे एक थेंब तासन् तास टिकतो. वास मात्र उग्र, त्यामुळे सगळं काम फ्यूम हूडमध्ये.

आता स्थैर्याचं बघा. सोनं तापलं की प्रसरण पावतं, हे आपण शाळेत शिकतो. एक सेंटिमीटर तार एका अंशाने तापली तर साधारण १४० नॅनोमीटरने लांबते, म्हणजे माझ्या रेणूच्या दोनशे पट. उपकरणापाशी माणूस येऊन उभा राहिला की त्याच्या अंगाच्या उबेने टोक सरकताना पडद्यावर दिसायचं. म्हणून उपकरण हवेच्या पायांवर तरंगणाऱ्या टेबलावर, ध्वनिरोधक पेटीत, आणि आम्ही शक्यतो शेजारच्या खोलीत. लिफ्ट, दारं, जिन्यावरची पावलं, सगळं आलेखात उमटतं. रात्री इमारत शांत झाली की नॉइज डोळ्यांदेखत खाली बसतो. त्यातून खेचण्याची क्रियाच जलद ठेवलेली असते. पायझो, म्हणजे व्होल्टेज दिलं की किंचित लांबी बदलणारा स्फटिक, सेकंदाला १५-२० नॅनोमीटर वेगाने टोक मागे घेतो आणि संगणक सेकंदाला ४० हजार नोंदी करतो. रेणू फटीत राहतो तो काही दशांश नव्हे, काही शतांश सेकंद. तेवढ्यात तापमानाने सरकायला फारसा वाव मिळत नाही.

रेणू घालण्याआधी नुसत्या सोन्यावर मोजायचं असतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रयोगातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच. मान बारीक होताना वाहकता, म्हणजे रोधाच्या उलट, प्रवाह किती सहज जातो ते, सरळ रेषेत उतरत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. शेवटची पायरी ठरलेली: ७७.५ मायक्रोसिमेन्स, म्हणजे १२.९ किलोओहम. हा वाहकतेचा पुंज, इलेक्ट्रॉनाच्या विद्युतभाराच्या वर्गाची दुप्पट भागिले प्लांकचा स्थिरांक. सोन्याच्या एका अणूतून इलेक्ट्रॉन जवळजवळ बिनअडथळा जातात, म्हणून पायरी नेमकी या आकड्यावर येते. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत, कुठल्याही टोकाने मोजली तरी इथेच. १०० मिलिव्होल्टला हा प्रवाह पावणेआठ मायक्रोअँपिअरच्या जवळ येतो. माझ्या अॅम्प्लिफायरने तो आकडा पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी पडद्याकडे बघतच राहिले. एका अणूला हात लावल्याची ही इतकी साधी, इतकी ठाम खूण.

पायरी मोडली की प्रवाह एकदम कोसळतो, कारण ताण सुटल्यावर सोन्याची दोन्ही टोकं मागे आकसतात. फट क्षणार्धात अर्ध्या नॅनोमीटरहून थोडी मोठी होते. त्यानंतर उरतो टनेलिंगचा प्रवाह, म्हणजे टोकं न टेकताही इलेक्ट्रॉन फट ओलांडून जातात तो, अंतराबरोबर घातांकी वेगाने घटणारा. लॉगॅरिदमच्या मापावर ती स्वच्छ तिरकी रेघ दिसायला हवी. त्या रेघेत कुठेही सपाट तुकडा आला तर फटीत कुणीतरी आगंतुक आहे.

मग फक्त द्रावक घालून तेच सगळं परत. आमच्याकडे आलेल्या द्रावकाच्या एका बाटलीत असाच आगंतुक होता. रेणू घातलेलाच नव्हता आणि तरी अधूनमधून सपाट तुकडे दिसत होते, अगदी पटावेत असे. कसली अशुद्धी होती ते कळायला मार्ग नव्हता. नवी बाटली उघडली, ती रेघ पुन्हा स्वच्छ झाली. नियंत्रण प्रयोग गाळून थेट रेणूवर गेलं असतं तर त्या अशुद्धीचीच वाहकता रेणूच्या नावावर छापून आली असती. म्हणून कुणाचाही पेपर हातात आला की मी आधी पुरवणी माहितीत नुसत्या द्रावकाचा आलेख शोधते. तो नसेल तर पुढचं वाचताना हात आखडता घेते.

बायपिरिडीनचे पांढरट स्फटिक फारच थोडे लागतात. मिलिमोलारच्या आसपासचं द्रावण, त्याचा एक थेंब. काही मिनिटं थांबायचं आणि खेचायला सुरुवात. पडद्यावर एकामागून एक आलेख सरकू लागतात. बरेचसे कोरेच असतात, सोनं तुटलं आणि रेघ खाली गेली. मग एकाएकी एका आलेखात, पुंजाच्या हजाराव्या भागाच्या जरा खाली, रेघ थबकते. आडवी होते, थोडी थरथरते, खाली एक लहानशी पायरी घेते, पुन्हा काही काळ आडवी जाते आणि कोसळते. शेजारी उभा असलेला माझा सीनियर हळूच म्हणाला, "आलाय."

त्या थरथरत्या पायरीवर प्रवाह असतो काही नॅनोअँपिअर. एक नॅनोअँपिअर म्हणजे सेकंदाला सहा अब्जांवर इलेक्ट्रॉन. सरासरी दर १६० पिकोसेकंदांनी एक. रेणू ओलांडायला मात्र इलेक्ट्रॉनाला फेमटोसेकंदांच्या (पिकोसेकंदाच्या हजाराव्या भागाच्या) मापाचा वेळ लागतो. म्हणजे एवढा प्रवाह वाहत असताना रेणू बहुतेक वेळ रिकामाच असतो. इलेक्ट्रॉन त्यावर मुक्काम करत नाही, रेणूच्या ऊर्जापातळ्यांचा आधार घेत एका सोन्यातून दुसऱ्या सोन्यात जातो. रोल्फ लँडाउअरच्या सूत्रात हीच गोष्ट एका संख्येत येते: वाहकता म्हणजे पुंज गुणिले पार होण्याची शक्यता. दहा हजारांत दोनदा पार होत असेल तर वाहकता पुंजाच्या दहा हजारांत दोन. तारेत असतो तसला रोध इथे नाही, आणि हे एकदा मनात बसलं की लांबी, पीळ, टोकं यांचे परिणाम आपोआप अर्थपूर्ण वाटू लागतात.

एका सुंदर आलेखावर मात्र काहीच सिद्ध होत नाही. लेखांमध्ये नमुना म्हणून छापतात तो हजारोंमधला देखणा आलेख असतो, आणि ते वाचणाऱ्याने लक्षात ठेवलेलं बरं. हजारो आलेखांमधली प्रत्येक नोंद घेऊन लॉगॅरिदमच्या मापावर हिस्टोग्राम, म्हणजे कोणता आकडा किती वेळा आला त्याचा आलेख, काढायचा, एकही आलेख न वगळता. कोरे आलेख गाळून "चांगले" तेवढे ठेवण्याचा मोह जबरदस्त असतो, कारण शिखर लगेच उठून दिसतं. पण चांगला कोणता हे ठरवताना आपण उत्तरच आधी घालत असतो. आमच्या गटात नियम असा की न निवडलेल्या हिस्टोग्राममध्ये शिखर दिसत नसेल तर शिखर नाही.

या काटेकोरपणाला इतिहास आहे. बेल लॅब्जमधल्या यान हेंड्रिक श्योन यांनी २००१ मध्ये एका रेणूच्या ट्रान्झिस्टरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, क्षेत्रात खळबळ उडाली. २००२ मध्ये चौकशी समितीने माहिती बनावट असल्याचं ठरवलं आणि ते पेपर मागे घेतले गेले. संशयाला तोंड फुटलं ते नॉइजमुळे: वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांमधला नॉइज हुबेहूब सारखा होता. मी दर वेळी कच्च्या नोंदी जशाच्या तशा जपून ठेवते, नॉइजसकट, ते यासाठी.

बायपिरिडीनच्या हिस्टोग्राममध्ये एक नाही, दोन शिखरं आली. वरचं पुंजाच्या हजाराव्या भागाच्या खाली, दुसरं त्याच्याही तीन-चार पट खाली. एक रेणू आणि दोन आकडे का? इथे द्विमितीय हिस्टोग्राम कामी येतो: एका अक्षावर वाहकता, दुसऱ्यावर सोनं तुटल्यापासून टोक किती मागे गेलं ते. त्यात दिसलं की वरची पायरी नेहमी आधी येते आणि खालची नंतर, फट रेणूच्या लांबीजवळ पोचल्यावर. फट लहान असते तेव्हा रेणू कलता बसतो, नायट्रोजन-सोनं बंध तिरका होतो आणि पिरिडीनच्या π (पाय) कक्षा, म्हणजे कड्याच्या वर-खाली पसरलेल्या इलेक्ट्रॉन-कक्षा, सोन्याशी जास्त मिसळतात, वाहकता वाढते. ताणून रेणू उभा झाला की ते मिसळणं घटतं. २००९ मध्ये याच रेणूवर हे दाखवलं गेलं होतं, आणि टोक थोडं पुढेमागे करून वाहकता वरखाली बदलतासुद्धा आली होती. आम्हीही मधेच खेचणं थांबवून टोक किंचित पुढेमागे हलवलं. रेघ वरच्या पायरीवर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. एकाच रेणूला कलतं-उभं करताना बघणं, तेही फक्त प्रवाहातून. त्या रात्री घरी जावंसं वाटत नव्हतं.

याच चित्रातून लांबीचा पुरावाही मिळतो. खालची पायरी जिथे संपते ते अंतर घ्यायचं आणि सोनं आकसल्यामुळे पडलेली फट त्यात मिळवायची. बेरीज रेणूच्या लांबीच्या जवळ आली पाहिजे. आली.

तरी शंकेखोर माणूस म्हणेल, अजून दुसरं काही असू शकेल. त्याचं उत्तर एका रेणूत नसतं, रेणूंच्या कुटुंबात असतं. म्हणून पुढे अमाइन टोकांच्या अल्केन साखळ्या घेतल्या: १,४-डायअमिनोब्युटेन, मग सहा कार्बनांची साखळी, मग आठ. या साखळ्यांच्या कक्षा ऊर्जेत फार दूर असल्यामुळे इलेक्ट्रॉनाला सगळं अंतर टनेलिंगनेच पार करावं लागतं, आणि प्रत्येक वाढलेल्या कार्बनामागे वाहकता साधारण अडीच पटींनी घटते. दोन कार्बन वाढवले की सहाएक पट. लॉगॅरिदमच्या कागदावर आमचे तीन बिंदू एका सरळ रेषेत बसले आणि उतार अपेक्षित निघाला. अशुद्धीला साखळीची लांबी माहीत नसते. बायफेनिलच्या बाबतीतही हीच युक्ती २००६ मध्ये वापरली गेली: दोन कड्यांमधला पीळ वाढवत नेला तशी वाहकता त्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे घटत गेली. मला या सगळ्या क्षेत्रातला तो सर्वांत सुंदर आलेख वाटतो.

एक गोष्ट मात्र वाहकतेवरून कळतच नाही. सोन्याच्या फर्मी पातळीला, म्हणजे सोन्यातले इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात त्या ऊर्जेला, जवळचं कोण, रेणूची भरलेली सर्वांत वरची कक्षा की रिकामी सर्वांत खालची? प्रवाह दोन्हींतून सारखाच वाहू शकतो. त्यासाठी उष्णता वापरावी लागते. २००७ मध्ये अरुण मजुमदार यांच्या गटाने एका टोकाला दुसऱ्यापेक्षा गरम ठेवून रेणूच्या दोन बाजूंमधलं व्होल्टेज मोजलं. बेंझीन-डायथायोलसाठी ते अंशाला ८.७ मायक्रोव्होल्ट आलं, आणि चिन्हावरून कळलं की तिथे भरलेली कक्षा काम करते. आम्ही खालच्या चकतीला हीटर लावला, तापमान स्थिर व्हायची वाट पाहिली, आणि पायरी दिसताच बाहेरचं व्होल्टेज शून्य करून उरलेला प्रवाह नोंदवत गेलो. प्रवाह पिकोअँपिअरच्या घरातला. इथे तर निवड न करता सरासरी काढण्यावाचून गत्यंतरच नाही. अमाइन टोकांच्या, बेंझीनसारखं कडं असलेल्या रेणूचं चिन्ह एका बाजूचं आलं, बायपिरिडीनचं बरोबर उलट. म्हणजे बायपिरिडीनमध्ये इलेक्ट्रॉन जातो तो रिकाम्या कक्षेच्या आधाराने, इतरांनी मोजलं तसाच. पिरिडीनचं कडं इलेक्ट्रॉन ओढून घेणारं आहे, त्यामुळे त्याच्या कक्षा खाली सरकतात आणि रिकामी कक्षा फर्मी पातळीच्या जवळ येते.

त्यानंतर आम्ही पहिल्यांदा आमच्या टिपणात "एका रेणूची वाहकता" असे शब्द वापरले. आता उपकरणावर नवं सॅम्पल चढलंय: बेंझीनच्या कड्यातून १,४ ऐवजी १,३ जागांवरून जोडणी. कड्याच्या दोन बाजूंनी जाणाऱ्या इलेक्ट्रॉन-लहरी तिथे एकमेकींना खोडून काढतात आणि वाहकता बरीच खाली जाते, नॉइजच्या तळाशी टेकेल इतकी. त्यासाठी आधी अॅम्प्लिफायरचा तळ आणखी खाली न्यावा लागेल, आणि नुसत्या सोन्यावरचं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.